पिलाताचे धुतलेले हात

अन्याय हा नेहमी अज्ञानातूनच घडतो असे नाही. सत्य काय ते पुरते उमगूनही मनुष्य लोकांच्या धाकाने अन्याय करतो. शुभवर्तमानांतील पंतय पिलाताची कथा ही अशा अन्यायाची कथा आहे.

पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांताचा रोमन अधिपती होता. त्याचे नाव व हुद्दा कोरलेला पाषाण १९६१ साली कैसरिया येथील प्राचीन नाट्यगृहात सापडला. तो स्वभावाने भित्रा नव्हता. यहूदी इतिहासकार जोसेफस सांगतो की, त्याने कैसराच्या प्रतिमा असलेली लष्करी निशाणे यरुशलेमेत आणविली, तेव्हा लोक कैसरियाला जाऊन पाच दिवस धरणे धरून बसले. सैनिकांनी वेढले असता त्यांनी आपल्या माना पुढे केल्या. पिलाताने निशाणे परत नेवविली. पुढे मंदिराच्या निधीतून पाण्याचा पाट बांधण्यास विरोध झाला, तेव्हा मात्र त्याने वेष पालटलेल्या शिपायांकडून जमावाला झोडपून काढले. अनेक माणसे मेली.

तेव्हा लोकांपुढे नमणे हे केव्हाही वाईटच, असे म्हणता येत नाही. निशाणांच्या वेळी लोकांची बाजू न्यायाची होती, आणि पिलाताला सोडावा लागला तो केवळ आपला हट्ट. येशूच्या खटल्यात त्याने बळी दिला तो दुसऱ्याच्या प्राणाचा.

हे एका क्षणात घडले नाही. आरोपीच्या ठायी दोष नाही, असे तो स्वतः सांगतो. लूकच्या वृत्तांतात तर तीनदा सांगतो. पण त्याला सोडून देण्याऐवजी तो पळवाटा शोधतो. प्रकरण गालीलच्या हेरोदाकडे धाडतो. सणाच्या प्रथेचा आधार घेऊन, बरब्बा हवा की येशू, असे जमावालाच विचारतो. फटके मारून सोडतो, असेही म्हणून पाहतो. निर्दोषाला फटके कशासाठी? तेथेच न्याय हरला होता. पुढे उरली ती घासाघीस. अखेर, याला सोडाल तर तुम्ही कैसराचे मित्र नव्हे, अशी आरोळी उठल्याचे योहान सांगतो. मग अधिकारपदाच्या चिंतेने निकाल दिला.

हात धुण्याचा प्रसंग केवळ मत्तयाने नोंदविला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात असा एक विधी आहे. रानात प्रेत सापडले आणि मारेकरी कळेना, तर जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी हात धुऊन आपण निर्दोष असल्याचे सांगावे. येथे मारेकरी अज्ञात नव्हता. हुकूम पिलाताच्याच तोंडचा होता.

याच कथेच्या आधारे ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके सबंध यहूदी समाजाला दोषी ठरविले. तोही जमावाचाच न्याय होता. हा दोष सरसकट सर्व यहूद्यांवर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले.

जे पद राखण्यासाठी पिलाताने हे केले, ते पदही राहिले नाही. शोमरोनी लोकांच्या कत्तलीची तक्रार झाली आणि सीरियाचा अधिपती विटेलियस याने त्याला जाब देण्यासाठी रोमला पाठविले. आमच्या उपासनेत श्रद्धेची कबुली म्हणताना त्याचे नाव आजही उच्चारले जाते. जमावाचे नाव तीत नाही. निकाल ज्याने दिला, त्याचे आहे.