आईची गाठ आणि बारीक सुई

परवा आईच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला. 'बेथेस्डा ४'. म्हणजे कॅन्सर आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. मग सुई टोचली कशाला? अख्खा विकांत हेच वाचत बसलो.

गाठीतल्या पेशी सुईने ओढून तपासायची पद्धत १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी मांडली. सुई जाडजूड, १८ गेजची. (आकडा वाढला की सुई बारीक होते, हे उलटं गणित कोणाचं देव जाणे!) बारीक सुई पुढे रुळली ती स्वीडनमध्ये. तोवर गाठ कसली हे कळायला बहुतेकदा गळा कापावा लागे. १९८२ मध्ये मेयो क्लिनिकने आकडे दिले: सुई आल्यावर ऑपरेशनं ६७ टक्क्यांवरून ४३ वर आली आणि काढलेल्या गाठींत कॅन्सर निघायचं प्रमाण १४ वरून २९ वर गेलं. भारीच की!

पण आईची गाठ फॉलिक्युलर. तिथे कॅन्सर ठरतो तो पेशींनी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिन्या फोडल्या का, यावर. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. चार ओळींच्या लॉगवरून अख्ख्या सिस्टिमचा बग शोधण्यासारखं झालं हे. २०२३ च्या वर्गवारीत वर्ग २ ला कॅन्सरची सरासरी शक्यता ४ टक्के, वर्ग ६ ला ९७. आणि ४ ला? ३०.

आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे सत्तर टक्के पास. तुझ्या एम-थ्रीपेक्षा बरे."

मंगळवारी थायरॉइडची डावी बाजू काढणार आहेत.