शंभर कोटींत तीन

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटवाल्यांशी दहा मिनिटं बोललात तर ‘पीपीएम’ हा शब्द येणारच. दहा लाख नगांमागे किती रिजेक्ट? आकडा एकेरी आला की साहेब खूश. आता कल्पना करा, की शंभर कोटींत फक्त तीन नग शोधायचेत.. आणि तेवढ्यावरून अख्ख्या डिझाइनची परीक्षा घ्यायची! मेसॉनवाले हेच करतात.

मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्कची जोडी. ती टिकत नाही, लगेच फुटते. 1950च्या दशकात फोटोग्राफिक इमल्शनमध्ये उमटलेल्या रेघा मायक्रोस्कोपखाली बघून के-मेसॉन कसे फुटतात ते शोधलं जाई. मुंबईत शिकलेले एम. जी. के. मेनन ब्रिस्टलला हेच करत होते. 1955मध्ये ते मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले. तिथेही फुग्यांना इमल्शन बांधून आकाशात सोडत असत.

पुढे एक कोडं पडलं. विद्युतभार नसलेला के-मेसॉन दोन म्युऑनमध्ये (इलेक्ट्रॉनची जड भावंडं) फुटताना जवळपास दिसतच नव्हता. तेव्हाच्या तीन क्वार्कांच्या हिशोबाने तो बराच जास्त दिसायला हवा होता. 1970मध्ये ग्लॅशो, इलिओपूलोस आणि मायानी म्हणाले, चौथा क्वार्क धरा, दोन वाटा एकमेकींना जवळजवळ खोडून टाकतात. नोव्हेंबर 1974मध्ये अमेरिकेत दोन गटांना त्या चार्म क्वार्कचा पुरावा सापडला. न दिसणाऱ्या गोष्टीवरून नवा कण! माझ्या मते भौतिकशास्त्रातलं हे सर्वात देखणं डिबगिंग आहे.

हीच युक्ती मग बी-एस मेसॉनवर. त्याचं दोन म्युऑनमध्ये फुटणं थेट होत नाही, मध्ये जड कण क्षणभर डोकावतात. एखादा अनोळखी जड कण असेल तर तोही डोकावणार आणि आकडा बदलणार. स्टँडर्ड मॉडेल म्हणतं, शंभर कोटींत सुमारे साडेतीन.

सर्नच्या सीएमएस आणि एलएचसीबी या प्रयोगांनी 2015मध्ये एकत्र उत्तर दिलं: 2.8. चुकीची मर्यादा धरली तर जुळलंच. सीएमएसमध्ये टीआयएफआरही आहे. त्याच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचा बाहेरचा थर त्यांनी आणि पंजाब विद्यापीठाने मिळून बांधला. सीएमएसच्या 2022च्या मोजणीत आकडा आला 3.8. पुन्हा जुळलं.

बरेच जण हिरमुसले, कारण कृष्णपदार्थ कशाचा बनलाय हे याच मॉडेलला सांगता येत नाही. म्हणजे त्यात काहीतरी कमी आहे हे नक्की, फक्त ही टेस्ट ते पकडत नाही. पण नव्या कणांच्या कित्येक कल्पना या एका आकड्याने बाद झाल्या, हेही खरं. मोजणी चालूच आहे.