केंद्रकांतील बोरमाळ

मनुष्याच्या शरीरांतील एखादी पेशी घेतली, तिच्या केंद्रकांतील डीएनएचे ४६ तंतु बाहेर काढले आणि ते एकापुढें एक सरळ मांडले, तर त्यांची लांबी सुमारें दोन मीटर, म्हणजे चार हातांहूनहि अधिक भरते. ज्या केंद्रकांत हे तंतु राहतात त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास! बरें, नुसते कोंबून ठेवले म्हणजे भागलें, असेंहि नाहीं. त्यांतील हवा तो भाग हव्या त्या वेळीं वाचतां आला पाहिजे, आणि पेशी दुभंगतांना सर्वांची नक्कल होऊन दोन सारख्या वांटण्या झाल्या पाहिजेत. ही घडी कशी घातली जाते, या प्रश्नाला शास्त्रज्ञांनीं जीं उत्तरें दिलीं त्यांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्यांतील एक उत्तर इतकें सुंदर होतें कीं, तें पुरतें तपासून पाहण्यास चाळीस वर्षें लागलीं.

१८६९ मध्यें जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें फ्रीड्रिख मीशर हा तरुण स्विस वैद्य एका जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यांत थाटलेल्या प्रयोगशाळेंत काम करीत असे. रुग्णालयांतून तो पुवानें भरलेल्या पट्ट्या मागवी आणि त्या धुऊन पुवांतील पेशी मिळवी. असल्या घाणींतून त्यानें स्फुरदयुक्त असा एक अगदीं नवाच पदार्थ वेगळा केला आणि त्याला 'न्यूक्लीन' म्हटलें. तोच आजचा डीएनए. त्याचे गुरु होप-झायलर यांना ही गोष्ट इतकी नवलाची वाटली कीं, सारे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिल्यावरच, १८७१ मध्यें, त्यांनीं शिष्याचा निबंध छापला.

केंद्रकांतील जो भाग रंगद्रव्यें शोषून गडद होई त्याला वाल्टर फ्लेमिंग यानें 'क्रोमॅटिन' म्हटलें, आणि त्याच्या १८८२ च्या ग्रंथानें तें नांव रूढ झालें. दोनच वर्षांनीं आल्ब्रेख्ट कोसेल यानें हंसाच्या तांबड्या रक्तपेशींतून 'हिस्टोन' नांवाचें प्रथिन काढलें. पक्ष्याचेंच रक्त कां? आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसतें, पक्ष्यांच्या असतें. आणि रक्त मिळविणें सोपें. ही सोय श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी, तिचें काम पुढें पडणार आहे.

यानंतरचीं जवळजवळ नव्वद वर्षें हिस्टोनाला फारसा मान मिळाला नाहीं. १९५३ मध्यें वॉटसन आणि क्रिक यांनीं डीएनएची दुहेरी मळसूत्री रचना मांडल्यावर तर सारें लक्ष तिकडेच लागलें. हिस्टोन म्हणजे धाग्यावरचा लेप, एवढीच त्याची किंमत राहिली. १९७२ मध्यें पार्डन आणि विल्किन्स यांनीं क्ष-किरणांच्या आधारें असें प्रतिपादन केलें कीं, हा लेपलेला धागा दोरीच्या पिळाप्रमाणें सर्वत्र एकसारखा वळलेला असतो.

दोन वर्षांत हें चित्र मोडलें. ऑस्ट्रेलियांतील ह्यूइश आणि बर्गोइन यांना १९७३ मध्यें असें आढळलें कीं, उंदराच्या यकृतांतील एक एन्झाइम केंद्रकांतला डीएनए वाटेल तेथें तोडीत नाहीं. तुकडे एका ठराविक मापाच्या एकपट, दुप्पट, तिप्पट असे निघतात. ऊस पेरापेरावर तोडावा तसा प्रकार! त्याच सुमारास अमेरिकेंत ओक रिज येथें ॲडा आणि डोनल्ड ओलिन्स या दांपत्यानें केंद्रकें पाण्यांत फुगवून फोडलीं, बाहेर आलेलें क्रोमॅटिन पातळ पसरलें आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. दिसली ती साक्षात् बोरमाळ! बारीक दोऱ्यांत ओंवलेले गोल गोल मणी. मॅसॅच्युसेट्समधील ख्रिस्तोफर वुडकॉक यालाहि हेंच दिसलें होतें. परंतु १९७३ मध्यें पाठविलेला त्याचा निबंध परत आला. हें खरें मानावें तर पाठ्यपुस्तकें नव्यानें लिहावीं लागतील, असा परीक्षकाचा आक्षेप होता. त्या आक्षेपांतील विधान, पाहूं गेलें तर, अगदीं बिनचूक होतें.

१९७४ मध्यें केंब्रिज येथील रॉजर कोर्नबर्ग यानें मण्याची घडण सांगितली. चार जातींच्या हिस्टोनांचे प्रत्येकीं दोन, असे आठ रेणू मिळून गाभा होतो आणि डीएनए त्याच्या भोंवतीं फिरतो. पुढच्याच वर्षीं स्ट्रासबुर्ग येथील शांबाँ आणि त्यांचे सहकारी यांनीं मण्याला 'न्यूक्लिओसोम' हें नांव दिलें. वेढे दोनहि पुरे नाहींत, पावणेदोनांहून थोडे कमीच. आणि मनुष्याच्या एका पेशींत असे मणी सुमारें तीन कोटी.

मणी सांपडले तरी घडीचा उलगडा झाला नव्हता. मण्यांत गुंडाळल्यानें धाग्याची लांबी सहासात पटींनींच घटते. गुणसूत्रांत ती हजारों पटींनीं घटलेली असते. केंब्रिजच्याच फिंच आणि आरन क्लूग यांनीं १९७६ मध्यें यावर तोडगा सुचविला. द्रावणांत मॅग्नेशियम नसतांना क्रोमॅटिनाचा तंतु दहा नॅनोमीटर जाडीचा दिसे. मॅग्नेशियमचा किंचित् अंश घातला कीं तो तीस नॅनोमीटर जाडीचा होई. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) त्यावरून त्यांनीं असें अनुमान केलें कीं, माळ स्प्रिंगेप्रमाणें वेटोळीं घेते आणि एका वेटोळ्यांत सुमारें सहा मणी बसतात. या रचनेला त्यांनीं 'सोलेनॉइड' म्हटलें. काम उत्कृष्ट होतें यांत संशय नाहीं. क्लूग यांना १९८२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें तें अशाच कामांबद्दल. १९८४ मध्यें वुडकॉक प्रभृतींनीं नागमोडी रचनेचा दुसरा नमुना पुढें केला. पण वाद वेटोळें कसें आहे यावर झाला. तें पेशींत आहे कीं नाहीं, हें विचारणारे थोडेच. पाठ्यपुस्तकांत मग एक जिनाच उभा राहिला: दोन नॅनोमीटर, दहा, तीस, आणि असें चढत चढत थेट गुणसूत्रापर्यंत.

हायडेलबर्ग येथें झाक दुबोशे यांनीं १९८६ मध्यें एक निराळीच रीत वापरली. पेशी इतक्या झपाट्यानें गोठवावयाच्या कीं, आंतील पाण्याचे स्फटिक न होतां त्याची कांच व्हावी. वाळविणें नाहीं, रंग देणें नाहीं. अशा रीतीनें पाहिलेल्या गुणसूत्रांत तीस नॅनोमीटरचा तंतु दिसलाच नाहीं! दिसला नुसता रवाळ पोत. ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. २००८ मध्यें दुबोशे आणि जपानचे काझुहिरो माएशिमा प्रभृतींनीं मानवी पेशींत पुन्हा तेंच दाखविलें, तेव्हां क्ष-किरणांचा पुरावा पुढें आला. गुणसूत्रांवर किरण सोडले असतां तीस नॅनोमीटरची खूण उमटत असे. २०१२ मध्यें माएशिमांच्या गटानें तिचाहि छडा लावला. ती खूण गुणसूत्रांना बाहेरून चिकटलेल्या रायबोसोमांची होती. ते धुऊन काढतांच ती नाहींशी झाली. २०१७ मध्यें कॅलिफोर्नियांतील ला होया येथील क्लोडा ओशी यांच्या गटानें डीएनएलाच रंगवून केंद्रकांतल्या केंद्रकांत पाहिलें. तेथें सांपडल्या ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावांकड्या माळा, कोठें दाट, कोठें विरळ.

मग तीस नॅनोमीटरचा तंतु खोटा काय? परीक्षानळींत तो खराच होता. १९९७ मध्यें झुरिक येथें ल्यूगर, रिचमंड प्रभृतींनीं मण्याच्या स्फटिकाचें चित्र काढलें, त्यांत एका मण्याच्या हिस्टोनाची शेपटी शेजारच्या मण्याच्या आम्लधर्मी भागाला बिलगलेली दिसली. मणी एकमेकांवर चवडीसारखे बसूं शकतात. २००५ मध्यें चार मण्यांच्या स्फटिकांत अशा दोन चवडी दिसल्या. परीक्षानळींतील पातळ द्रावणांत प्रत्येक मण्याला शेजार मिळतो तो स्वतःच्याच माळेचा, म्हणून माळ स्वतःभोंवतींच नेटकी वळते. केंद्रकांत दाटी फार. तेथें मणी परक्या माळेच्या मण्यालाहि बिलगतो, आणि नेटकें वेटोळें जमून येत नाहीं. सोनारानें मखमलीवर मांडलेली बोरमाळ आणि घाईंत डबींत टाकलेली बोरमाळ यांत जो फरक, तोच येथें. डबींतली माळ जागा कांहीं कमी अडवीत नाहीं असें नव्हे. आणि तिचें हवें तें टोंक वर काढणें सोपेंच जातें. २००६ मध्यें असें दिसलें कीं, त्या शेपटीवर एका ठिकाणीं ॲसिटिलचा बारीकसा गट बसला तरी माळ घट्ट वळत नाहीं. सैल राहिलेल्या भागांतील डीएनए वाचणें मग पेशीला सुलभ होतें.

पक्ष्यांच्या रक्ताचें सांगावयाचें राहिलें. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत आणि तारामाशाच्या शुक्रपेशींत तीस नॅनोमीटरचा तंतु केंद्रकांतच आढळतो, आणि तें १९९४ मध्यें वुडकॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनींच दाखविलें. या दोन्ही पेशींत डीएनएचें वाचन जवळजवळ थांबलेलें असतें. सारें कसें आवरून कुलूप लावून ठेविलेलें. कोसेलनें हंसाचें रक्त सोय म्हणून घेतलें, आणि त्याच सोयीसाठीं पुढच्या कित्येक प्रयोगशाळा कोंबडीचें रक्त वापरीत आल्या.