सिम्युलेटरमधला बोरघाट आणि डोंगराचे पोट

ट्रेन सिम्युलेटर हा खेळ आजच्या मुलांना चांगलाच ठाऊक आहे. संगणकावर इंजिन हाकायचे, सिग्नल पाळायचे, वेळेत स्टेशन गाठायचे. पण याच खेळात स्वतःचा रेल्वेमार्ग तयार करण्याचीही सोय असते, आणि ते काम जास्त कष्टाचे. सपाट मुलखातला मार्ग जमून जातो. खरी कसोटी घाटात लागते. माझा भाचा सध्या बोरघाट, म्हणजे कर्जत ते लोणावळा, तयार करतो आहे. तो डोंगर उभा करतो आणि मी शेजारी बसून त्याचा इतिहास सांगतो.

डोंगर उभा करायचा तर आधी उंची हवी. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळ दोन ठिकाणांहून कोन मोजून डोंगराची उंची काढली आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी थिओडोलाइट घेऊन सारा हिंदुस्थान मोजला. त्या मोजणीची उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर होते अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. आजची उंची आभाळातून आली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते.

पण ती जशीच्या तशी वापरली की सह्याद्री ओळखू येत नाही. सुरुवातीला आपल्याकडची माहिती दर ९० मीटरला एक आकडा अशी होती. आता ३० मीटरची मिळते. दोन आकड्यांच्या मध्ये उभा कडा आला तर संगणक त्याची उतरण करून टाकतो. नागफणीचे टोक बोथट होते. खोल दऱ्यांत रडारची सावली पडून काही ठिकाणी आकडेच नसतात. म्हणून भाचा कडे हाताने उभे करतो. उभ्या भिंतीवर खडकाचे चित्र ताणले जाते, तिथे तो वेगळे चित्र लावतो. बेसॉल्टचे आडवे थर दिसले नाहीत तर तो डोंगर आल्प्सचा वाटेल, सह्याद्रीचा नाही. ऋतूही ठरवावा लागतो. मे महिन्यातला करपलेला घाट आणि श्रावणातला धबधब्यांचा घाट हे जणू दोन वेगळे मुलूख आहेत.

मग आला बोगदा, आणि तिथे मला या खेळातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट कळली. सिम्युलेटरमधली जमीन म्हणजे नुसती अंथरलेली चादर. प्रत्येक ठिकाणाला एकच उंची. त्या डोंगराला पोटच नसते. त्यामुळे बोगदा खोदता येत नाही. चादरीचा तेवढा तुकडा लपवायचा आणि तिथे दगडी तोंड बसवायचे. पाच मिनिटांचे काम.

खऱ्या घाटात याच कामाला सात वर्षे लागली. १८५६ साली काम सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरचा चढ, १८३१ फुटांची चढाई, २५ बोगदे. सर्वांत कठीण जागी ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. म्हणून तर आजही कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला इंजिने लागतात. आराखडा मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचा. मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने दोन अभियंत्यांच्या हाती काम सोपवून ते तडीला नेले. १८६१ मध्ये घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून हजारो मेले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला.

बर्कली आणि ट्रेडवेल यांची नावे इतिहासात आहेत. मजुरांची नाहीत. लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपले: शिंग्रोबा धनगर. घाटाची वाट त्याने इंग्रजांना दाखवली आणि त्यांनीच त्याला मारले, अशी कथा सांगतात. घाटात त्याचे देऊळ आहे, आणि जाणारे-येणारे आजही तिथे थांबतात. कथा किती खरी ते बाजूला ठेवू. डोंगर आधी कोणाला ठाऊक होता, हे लोक विसरले नाहीत एवढे तिच्यातून कळते.

भाच्याला मी एकच सांगितले: आधी साल ठरव. आजचा घाट असेल तर विजेच्या तारा हव्यात. १८६३ चा असेल तर तारा काढ आणि खंडाळ्याजवळचे ते रिव्हर्सिंग स्टेशन घाल, जिथे गाडीला दिशा बदलून पुढे चढावे लागे. ते १९२९ मध्ये बंद झाले. आणि १८६१ चा करायचा असेल तर रूळ अर्धेच टाक, पण मजुरांच्या झोपड्या पुऱ्या घाल. कड्यांचा रंग थोडा चुकला तरी चालेल. झोपड्या नसतील तर तो बोरघाट खोटा.