दाभोळचा इतिहास आणि नियतकालिकांच्या नोंदी

वाशिष्ठीच्या मुखावरच्या दाभोळ बंदराचा इतिहास एका ग्रंथात सापडत नाही. बहमनी आणि आदिलशाही काळातली भरभराट, 1508 च्या डिसेंबरात आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमाराने केलेली जाळपोळ आणि नंतरची उतरती कळा हे सारे निरनिराळ्या नियतकालिकांतल्या लेखांत विखुरलेले आहे. त्यामुळे ग्रंथालयांनी नियतकालिकांची नोंद कशी ठेवली, हा प्रश्न दाभोळच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

छापील अंकांच्या काळात ही नोंद ‘कार्डेक्स’वर, म्हणजे सपाट खणांत ओळीने लावलेल्या कार्डांवर होई. अंक आला की त्याच्या चौकोनात तारीख पडे, चौकोन रिकामा राहिला की स्मरणपत्र जाई आणि खंड पुरा झाला की अंक बांधणीला जात. खरी कसोटी लागे ती नियतकालिकाचे नाव बदलल्यावर. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे 1841 पासून निघणारे जर्नल स्वातंत्र्यानंतर एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बेच्या नावाने निघू लागले. अशा वेळी तालिकाकाराने नव्या नावाची स्वतंत्र नोंद करून दोन्ही नोंदी परस्परांशी जोडल्या नाहीत, तर जर्नल मध्येच बंद पडले असा वाचकाचा समज होई.

दाभोळ ज्या तालुक्यात आहे त्या दापोलीत 1972 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2007 मध्ये ‘सेरा’ हा संघ, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या वतीने प्रकाशकांशी एकत्र करार करणारी व्यवस्था, उभारला, तेव्हा राज्यांतल्या कृषी विद्यापीठांना परदेशी नियतकालिके संगणकावर वाचता येऊ लागली. ग्रंथालयाकडे अंकाऐवजी वाचनाचा परवाना आला आणि नोंदीचे स्वरूप पालटले. आता तीत आयएसएसएन हा आठ अंकी ओळखक्रमांक, दुवा, कोणत्या वर्षापासूनचे अंक खुले आहेत आणि ताजे अंक किती महिने रोखलेले आहेत, एवढे असावे लागते. करार बदलला की शेकडो दुवे एकदम बदलतात, म्हणून नोंदी प्रकाशकांच्या याद्यांवरून घाऊक भरल्या जातात. वाचकाची ओळखही बहुधा त्याच्या नावावरून न पटवता संस्थेच्या इंटरनेट पत्त्यावरून पटवली जाते.

या घाऊक कामात निसटते ती जुन्या सूचिकारांची चिकाटी. पोर्तुगीज साधनांत दाभोळ ‘दाबुल’ आहे, मध्ययुगीन कागदांत ‘मुस्तफाबाद’ही आहे, कसलेला सूचिकार लेखसूचीत ‘दाबुल : पाहा दाभोळ’ अशी निर्देशनोंद घाली, तर संगणकाचा साधा शोध टंकलेली अक्षरे तेवढी जुळवतो.

1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली केली. मात्र 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली चालणारी गावोगावची वाचनालये तीत नाहीत. दाभोळच्या वाचकाला घरबसल्या विनामूल्य मिळतात ते एशियाटिकच्या जर्नलचे इंटरनेट आर्काइव्हवरचे एकोणिसाव्या शतकातले खंड, आणि तेही ग्रंथालयाच्या तालिकेत सहसा दिसत नाहीत, कारण तालिका करारातल्या यादीवरून भरते आणि या खंडांसाठी करार करावाच लागत नाही.