गांजाची एक सिगारेट, तीस वर्षांची शिक्षा

"नुसता गांजा जवळ सापडला म्हणून कुणी वर्षानुवर्षे तुरुंगात सडत नाही. आत असतात ते विक्रेते, टोळीवाले आणि सराईत गुन्हेगार." अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या तुरुंगवासाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. तिथले गोरे परंपरावादी ते म्हणतातच, आता आपल्याकडचे शिकलेले मित्रही म्हणू लागले आहेत. त्याला नुसत्या घोषणेने उत्तर देऊन भागत नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी, केवळ गांजा बाळगल्याबद्दल केंद्रीय कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना माफी जाहीर केली. सुमारे साडेसहा हजार लोकांना तिचा लाभ होईल असे सांगण्यात आले. पण त्या दिवशी केवळ या एका गुन्ह्यासाठी केंद्रीय तुरुंगात असलेला माणूस एकही नव्हता, हेही त्यांच्याच सरकारने सांगितले.

मग वाद संपला का? मला वाटते तो इथून सुरू होतो. अमेरिकेतले बहुसंख्य कैदी केंद्राच्या नव्हे, राज्यांच्या तुरुंगांत असतात. आणि वरच्या वाक्यातले 'नुसता', 'विक्रेता', 'सराईत' हे तीन शब्द कुणाला चिकटतात आणि कुणाला चिकटत नाहीत, याला एक इतिहास आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मी पंचशील ग्रहण करणारा बौद्ध आहे. नशापाण्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील आणि बाबासाहेबांनी दिलेली दारू न पिण्याची प्रतिज्ञा मला मान्य आहे. वस्तीत काम करताना नशेने काय होते ते मी रोज बघतो. हा लेख गांजाच्या बाजूने नाही. पण शील माणूस स्वतःहून घेतो आणि दंड राज्य लादते. दंड आला की तो कुणावर, किती आणि कशासाठी, हे विचारावेच लागते.

अमेरिकेत गांजावर पहिला केंद्रीय कायदा आला तो १९३७ साली, तोही कराच्या नावाखाली. त्यामागचा मुख्य माणूस हॅरी अॅन्सलिंगर, १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे केंद्रीय अमली पदार्थ खात्याचा प्रमुख. मेक्सिकन मजूर आणि कृष्णवर्णीय वादक यांच्याशी गांजा जोडून गोऱ्या मध्यमवर्गाला घाबरवण्याचे काम या काळात जोरात झाले. खरे तर या झाडाचे इंग्रजी नाव अमेरिकनांना आधीपासून माहीत होते. औषधांच्या दुकानात त्याचा अर्क मिळत असे. तरीही कायद्यात आणि वर्तमानपत्रांत 'मारिहुआना' हा मेक्सिकोकडचा शब्द वापरला गेला. आपल्याला हे तंत्र नवीन नाही. वस्तूला बदनाम करायचे असेल तर ती कुणाच्या हातात आहे ते आधी दाखवायचे.

कायदा १ ऑक्टोबर १९३७ ला लागू झाला आणि त्याच महिन्यात डेन्व्हर शहरात पहिले दोघे पकडले गेले. विकणाऱ्याला चार वर्षांची सक्तमजुरी आणि जवळ बाळगणाऱ्याला, मोझेस बाका नावाच्या मेक्सिकन वंशाच्या माणसाला, दीड वर्ष. पुढे १९५१ आणि १९५६ च्या कायद्यांनी न्यायाधीशांचे हातच बांधले. १९५६ नंतर पहिल्यांदा गांजा बाळगताना सापडला तर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त दहा वर्षे, दुसऱ्यांदा पाच ते वीस, तिसऱ्यांदा दहा ते चाळीस वर्षे. 'बाळगल्याबद्दल कुणी लांब शिक्षा भोगत नाही' म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा नीट वाचावेत. हा विक्रीचा नव्हे, बाळगण्याचा तक्ता आहे. टेक्सासमध्ये तर १९७३ पर्यंत कितीही कमी गांजा सापडला तरी शिक्षा दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत होती.

त्याच टेक्सासमधली ली ओटिस जॉन्सन यांची गोष्ट आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. जॉन्सन हे ह्यूस्टनमधले कृष्णवर्णीय तरुण कार्यकर्ते. दक्षिणेत मतनोंदणीसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या 'स्निक' या विद्यार्थी संघटनेचे संघटक. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. त्यांच्या शोकसभेत जॉन्सन यांनी ह्यूस्टनच्या महापौरावर आणि पोलीस प्रमुखावर उघड टीका केली. थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली. आरोप काय, तर साध्या वेशातल्या पोलिसाला गांजाची एक सिगारेट दिली. विकलीसुद्धा नाही, दिली. शिक्षा तीस वर्षे.

१९७० मध्ये टेक्सासचे गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ ह्यूस्टन विद्यापीठात भाषणाला आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी 'फ्री ली ओटिस' अशा घोषणा देऊन सभागृह दणाणून सोडले. मला वाटले पोरे 'फ्रिहोलेस' म्हणून ओरडत आहेत, असे नंतर गव्हर्नरसाहेब म्हणाल्याचे सांगतात. फ्रिहोलेस म्हणजे स्पॅनिशमध्ये घेवड्याच्या बिया! सत्तेला ऐकू येत नाही असे आपण म्हणतो, ते इतके शब्दशः खरे असते. चार वर्षे तुरुंगात काढल्यावर १९७२ मध्ये केंद्रीय न्यायालयाच्या आदेशाने जॉन्सन सुटले. ह्यूस्टनमध्ये वातावरण इतके कलुषित होते की खटला दुसऱ्या ठिकाणी चालवायला हवा होता, हे त्यामागचे कारण. तीस वर्षे ही शिक्षा म्हणून अवाजवी आहे, या मुद्द्यावर ते सुटले नाहीत. हा फरक लक्षात ठेवावा.

आता कुणी म्हणेल, गोऱ्यांनाही शिक्षा झाल्याच की. झाल्या. हार्वर्डमध्ये शिकवलेले मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांना सीमेवर थोडासा गांजा सापडल्यावरून १९६६ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. पण अपिलाच्या काळात ते बाहेर होते आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाच रद्द केली. पुढे त्यांच्यावर आणखी खटले झाले, तो भाग वेगळा. मिशिगनमध्ये जॉन सिंक्लेअर या गोऱ्या कवीला १९६९ मध्ये दोन सिगारेटींसाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. सिंक्लेअर हे 'व्हाइट पँथर पार्टी'चे नेते. ब्लॅक पँथरच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गोऱ्या तरुणांची ती संघटना. म्हणजे गोरा असूनही ज्याने चुकीच्या बाजूला उभे राहायचे ठरवले, त्याच्यावर हा कायदा चालला. त्यांच्या सुटकेसाठी डिसेंबर १९७१ मध्ये अॅन आर्बरला मोठी सभा झाली, जॉन लेनन तिथे गायले, आणि तीनच दिवसांत सिंक्लेअर बाहेर आले. लेनन यांचा आदर ठेवून विचारतो, ली ओटिससाठी गायला कोण आले होते?

ज्या ब्लॅक पँथरवरून हे नाव घेतले, त्याच संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्या पँथरांवरही किती खटले भरले गेले ते ज्येष्ठ कार्यकर्त्यांना विचारा. म्हणून ह्यूस्टनची गोष्ट मला दूरची वाटत नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक अडचण झाली. गोऱ्या, खात्यापित्या घरांतली कॉलेजची मुलेमुली गांजा ओढू लागली. पोलिसांच्या गाडीत सुखवस्तू वकील-डॉक्टरांची मुले दिसू लागली आणि कायदा एकदम शहाणा झाला. १९७० च्या केंद्रीय कायद्याने बाळगण्याबद्दलची पन्नासच्या दशकातली किमान शिक्षा काढून टाकली आणि पहिल्या वेळेस जास्तीत जास्त एक वर्ष ठेवले. १९७२ मध्ये निक्सन यांनीच नेमलेल्या शेफर आयोगाने, स्वतःपुरता गांजा बाळगणे गुन्हा ठरवू नये असे सुचवले. निक्सन यांनी ते धुडकावले, पण अनेक राज्यांनी शिक्षा कमी केल्या. 'नुसत्या गांजासाठी कुणी आत नाही' हे वाक्य उभे आहे ते या मऊपणावर.

पण मऊपणा सगळ्यांसाठी नव्हता. १९७३ मध्ये व्हर्जिनियात रॉजर डेव्हिस या कृष्णवर्णीय माणसाकडे नऊ औंसांपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम पाव किलो गांजा सापडला. किंमत सुमारे दोनशे डॉलर. विक्रीच्या हेतूने बाळगणे आणि वाटणे असे दोन गुन्हे लावून प्रत्येकी वीस, एकूण चाळीस वर्षे. इथे बघा, 'नुसता' जाऊन 'विक्रेता' कसा आला. खालच्या केंद्रीय न्यायालयांनी ही शिक्षा क्रूर ठरवली होती. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निर्णय उलटवला, शिक्षेची मुदत ठरवणे हे विधिमंडळाचे काम आहे असे म्हटले, आणि कनिष्ठ न्यायालये वरच्यांचे ऐकणार नसतील तर अराजक माजेल असा दमही भरला. असहमत न्यायमूर्तींमध्ये थर्गूड मार्शल होते, त्या न्यायालयातले एकमेव कृष्णवर्णीय.

'सराईत' या शब्दाची कहाणी लुइझियानात बघायला मिळते. २००८ मध्ये श्रीव्हपोर्ट शहरात फेट विन्स्लो या बेघर कृष्णवर्णीय माणसाला साध्या वेशातल्या पोलिसाने गांजा मिळेल का विचारले. त्यांनी एका गोऱ्या माणसाकडून दोन छोट्या पुड्या आणून दिल्या. एकूण वीस डॉलरचा माल, विन्स्लो यांच्या वाट्याला पाच डॉलर. खुणेची नोट त्या गोऱ्या माणसाकडे सापडली, तरी अटक झाली ती विन्स्लो यांना. ज्युरीत दहा गोरे आणि दोन कृष्णवर्णीय. दहा गोऱ्यांनी दोषी म्हटले, दोघा कृष्णवर्णीयांनी नाही म्हटले. दुसऱ्या बहुतेक राज्यांत एवढ्यावर माणूस दोषी ठरत नाही. लुइझियानात ठरत होता, कारण कृष्णवर्णीयांचे मत निष्प्रभ करण्यासाठी १८९८ च्या राज्यघटनेत बहुमताच्या ज्युरीची सोय करून ठेवली होती. ती सोय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, एकशे बावीस वर्षांनी. विन्स्लो यांच्यावर आधीच्या दोन चोऱ्या आणि कोकेन बाळगण्याचा एक गुन्हा होता. सराईत गुन्हेगार कायदा लागला आणि शिक्षा झाली पॅरोलशिवाय जन्मठेप. डिसेंबर २०२० मध्ये ते सुटले. मे २०२१ मध्ये श्रीव्हपोर्टमध्येच त्यांची गोळी घालून हत्या झाली.

त्यांनी शिक्षा भोगली तो अँगोला तुरुंग म्हणजे जुना गुलामांचा मळा आहे. गुलाम आफ्रिकेच्या ज्या भागातून आणले त्याचे नाव मळ्याला होते, तेच तुरुंगाला राहिले. तिथले कैदी आजही शेतात राबतात. अमेरिकेच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील असा अपवाद ठेवला. तात्यासाहेब फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा दक्षिणेतली राज्ये भटकेपणासारख्या गुन्ह्यांखाली कृष्णवर्णीयांना पकडून कैदी म्हणून मळेवाल्यांना भाड्याने देत होती. तात्यासाहेबांची कृतज्ञता खरीच होती. दगा त्या अपवादात होता.

'सराईत गुन्हेगार' हा शब्द आपल्याला नवा नाही. 'गुलामगिरी'च्या दोनच वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसाने काय केले यापेक्षा तो कुठे जन्मला हे पुराव्यासारखे वापरले. पारधी, कैकाडी समाजाच्या वृद्धांकडून सोलापूरच्या सेटलमेंटच्या गोष्टी ऐकल्या की हजेरीचा अर्थ कळतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि राज्यांनी सराईत गुन्हेगार कायदे आणले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमात गेली, शिक्का राहिला. अमेरिकेत जन्माचा शिक्का कायद्यात लिहिलेला नाही, पण तो आधीच्या अटकांतून तयार होतो. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या 'एसीएलयू' संस्थेने २०१३ मध्ये दाखवले की गांजा ओढण्याचे प्रमाण जवळपास सारखे असूनही, तो बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या ३.७३ पट आहे. २००१ ते २०१० या काळात गांजावरून ऐंशी लाखांहून जास्त अटका झाल्या, त्यांतल्या ८८ टक्के केवळ बाळगल्याबद्दल. यातले बहुतेक लोक एक-दोन दिवसांत सुटतात, हे खरे. पण नोंद सुटत नाही. पुढच्या वेळी न्यायाधीशासमोर उभा राहतो तो 'सराईत'. म्हणून कैद्यांना 'नुसता गांजा' आणि 'आधीचे गुन्हे' अशा दोन रांगांत उभे करून पहिली रांग रिकामी आहे असे दाखवणे ही चलाखी आहे. पहिल्या रांगेतली माणसेच पुढे दुसऱ्या रांगेत दिसतात.

मिसिसिपीत एका माणसाकडे सुमारे ४४ ग्रॅम गांजा सापडला. विक्रीचा आरोप नाही, फक्त बाळगला. त्या राज्यात एवढ्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे आहेत. पण तरुणपणी केलेल्या दोन घरफोड्या आणि नंतर बंदूक बाळगल्याचा एक गुन्हा नावावर होता. घरफोडी केली तेव्हा प्रत्यक्ष हिंसा झाल्याशिवाय ती हिंसक गुन्ह्यात मोडत नव्हती. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि तीच घरफोडी आपोआप हिंसक ठरली. २०१९ मध्ये त्याला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. अपिलात दहा न्यायाधीश पाच-पाच असे विभागले गेले, त्यामुळे शिक्षा कायम राहिली. जून २०२२ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. चारच महिन्यांनी बायडन यांनी माफी जाहीर केली. ती या माणसाला लागू झाली नाही, कारण तो राज्याचा कैदी होता.