अँटेना आणि अज्ञातवास

विराटपर्वातील अर्जुन बृहन्नडेच्या वेषात वर्षभर कोणाला ओळखू येत नाही. मात्र शमीवृक्षावरची शस्त्रे उतरवून त्याने शंख फुंकला की त्या नादावरून द्रोणाचार्य त्याला ओळखतात. रूप लपवता येते, पण आवाज बोलणाऱ्याचा ठावठिकाणा सांगून जातो. बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासातील मूळ पेचही हाच आहे. नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थाही आहे. एकीकडे भाषा शिकवली जाते, दुसरीकडे अँटेना. दोन्हींकडे प्रश्न एकच : बोलावे कसे, आणि कोणाला ऐकू यावे?

१९४२ च्या मुंबईत हा प्रश्न जिवावरचा होता. २७ ऑगस्टपासून भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. प्रक्षेपकाला अँटेना हवीच, आणि तिच्यातून निघालेली लहर श्रोत्याकडे जाते तशी दिशाशोधक यंत्राकडेही जाते. दोन ठिकाणांहून दिशा मोजल्या की त्यांच्या छेदबिंदूपाशी प्रक्षेपक सापडतो. म्हणून ही मंडळी वारंवार जागा बदलत राहिली. अखेर १२ नोव्हेंबरला पोलिसांनी प्रक्षेपण चालू असतानाच धाड घातली. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे : माग लागला तो त्यांच्याच एका तंत्रज्ञाने तोंड उघडल्यामुळे. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

त्या काळी मौन पाळणारा निदान सुरक्षित होता. रडारने तीही सोय काढून घेतली. रडार मूक वस्तूवर स्वतःची लहर टाकते आणि परतणारा प्रतिध्वनी टिपते. त्यावरचा उपाय एका पुस्तकातून निघाला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना रोचक वाटेल. प्योत्र उफिम्त्सेव यांचा कडांवरून विखुरणाऱ्या लहरींविषयीचा ग्रंथ १९६२ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्याचे भाषांतर करवून घेतले आणि त्याच्या आधारे लॉकहीडच्या अभियंत्यांनी रडारला चकवणारे विमान आखले. ग्रंथ एका देशाचा, वाचक दुसऱ्या देशाचा!

विमानाचे वा जहाजाचे अंग तिरपे करून प्रतिध्वनी भलतीकडे वळवता येतो. अँटेनेचे मात्र तसे नाही. लहर ग्रहण करण्यासाठीच ती घडवलेली असते. शत्रूची लहरही ती झेलते आणि काही अंशी परत फेकते. म्हणून तिला पृष्ठभागाच्या आत समतल बसवतात. आपल्या वारंवारतेला वाट देणारे आणि इतर लहरी दूर वळवणारे आवरण तिच्यावर घालतात. आणि गरज नसेल तेव्हा तिला गप्प ठेवतात, कारण आकार कितीही लपवला तरी उच्चारलेली लहर लपत नाही.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘शिवालिक’ (२०१०), ‘सातपुडा’ (२०११) आणि ‘सह्याद्री’ (२०१२) या युद्धनौकांच्या तिरप्या भिंती याच विचारातून आल्या. २०२५ च्या जानेवारीत नौदलात दाखल झालेल्या ‘निलगिरी’ने तो पुढे नेला. नावे पर्वतांची आणि धडपड मात्र नजरेत न भरण्याची, हा विरोधाभास भाषेच्या अभ्यासकाला सहज जाणवेल.

परंतु दोन अज्ञातवासांत एक मूलभूत अंतर आहे. युद्धनौकेची अँटेना लपते ती आपल्या बाजूखेरीज कोणाला काही कळू नये म्हणून. १९४२ ची अँटेना लपली होती ती सर्वांना ऐकू यावे म्हणून. तंत्र दोघांना एकच पेच घालते; त्यातून वाट काढताना आपण काय आणि कोणासाठी बोलतो, हे ठरवण्याची जबाबदारी तंत्रावर टाकता येत नाही. विष्णुपुरीतल्या दोन्ही वर्गांनी एकत्र बसून वाचावा असा हा धडा आहे.